आडनाव सरनामे

आख्ख्या पनवेलमध्ये, आणि माझ्या माहितीप्रमाणे आख्ख्या देशात, सरनामे आडनावाचा एकच माणूस होता, आणि ते त्याचं आडनाव नव्हतं. ते त्याला रेशनिंग ऑफिसातल्या कारकुनानं दिलं. स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली होती. तांदळाच्या परवान्यासाठी मी त्या ऑफिसच्या बाकावर सकाळपासून चडफडत बसलो होतो, म्हणून हे बारसं मला स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळालं.

"नाव?" कारकुनानं विचारलं.

"विठू सखाराम."

"सखाराम हे बापाचं झालं. आडनाव?"

"बस, येवढंच. तिकडं बापाचं नाव लागतं, पुढं काय नाय."

"तिकडं म्हणजे कुठं?"

"सरनाम."

"म्हणजे तुम्ही कोण?"

"आमी सरनामी."

कारकुनाला जेवायला जायचं होतं. त्यानं 'सरनामे' लिहिलं, शिक्का मारला आणि डबा उघडला. सरनाम म्हणजे सुरिनाम, दक्षिण अमेरिकेच्या वरच्या अंगाला समुद्राकाठी असलेला डच लोकांच्या ताब्यातला मुलूख, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं, की पन्नाशीचा एक काटक माणूस कार्ड उलटंसुलटं करून बघतोय आणि स्वतःशी हसतोय. त्याच्या शेजारी त्याची अठराएक वर्षांची मुलगी उभी होती. ती मात्र हसत नव्हती. ती कारकुनाच्या डब्यातल्या भाताकडे बघत होती, आणि नंतर तिनं मला सांगितलं, की तो भात कच्चा होता.

या सरनामेकाकांवर माझा एक राग आहे. ते आता या जगात नाहीत, तरी राग आहे, आणि योग्य जागी मी तो सांगणारच आहे. पण आधी माणूस नीट मांडतो.

आपल्याकडे आडनाव नुसतं हाक मारायला नसतं. आडनाव ऐकलं की समोरच्याला कुठं बसवायचं, पाणी कोणत्या भांड्यातून द्यायचं, हे आपण मनातल्या मनात ठरवून मोकळे होतो. सरनामे ऐकलं आणि पनवेलकर अडकले. पंगतीला घ्यावं तर कुठल्या, आणि उठवावं तर कुठून? उरणहून येणारी मासेवाली म्हणाली, "बोंबील साफ करतो तो आमच्यातल्यासारखा." नेऱ्याचा एक शेतकरी म्हणाला, "बोली तर आमचीच हाय." माझ्या वखारीतला मुनीम म्हणाला, की मुलीचे डोळे बघता ही मंडळी नेपाळकडची असावीत. काका सगळ्यांना हो म्हणत. त्यामुळे कुणाचंच समाधान होत नसे.

त्यांची नमस्काराची पद्धतही घोटाळ्याची होती. त्यांच्या मुलखात निरनिराळे लोक एकमेकांशी बोलायला एक बाजारी भाषा वापरत. त्या भाषेत 'कसं काय' म्हणायचं तर 'फा वाका' म्हणतात. पहिल्यांदा ते माझ्या वखारीत आले आणि उंबऱ्यातून म्हणाले, "फा वाका, शेठ." मी वाकलो. मला वाटलं, पायाशी काहीतरी पडलंय. सरळ उभा राहिलो तर हा माणूस भिंतीला टेकून पोट धरून हसतोय. मी जाम चिडलो. हातातली पायली मी रस्त्यात भिरकावली. काका जाऊन ती उचलून घेऊन आले, धोतराला पुसली, आणि म्हणाले, "काल भटजी बी वाकले. तुमी एकटे नाय."

मी मूळ आपटा गावचा. बापाचं छत्र लवकर गेलं, आणि पनवेलच्या बंदरावर पोती वाहत मी वर आलो. वखार माझी स्वतःची, कुणाच्या उपकाराची नाही. भाव करणं हे माझं शस्त्र. सकाळी सांगितलेला भाव दुपारी घ्यायला लावीन असा माझा लौकिक होता. सरनामेकाकांशी ते शस्त्र चालत नसे, कारण ते भाव करीतच नसत. एकदा आकडा सांगायचा आणि पोत्यावर बसून राहायचं. मी ओरडायचो, शपथा घ्यायचो, माल आत नेतो म्हणायचो. ते पाखरं बघत बसायचे. शेवटी माझ्याच तोंडाला कोरड पडायची.

पुढं एकदा त्यांनी कोलमचे चार दाणे दाताखाली धरले आणि भरल्या दुकानात म्हणाले, "शेठ, हे मोक्सी हाय."

"मोक्सी म्हणजे?"

"मिसळलेला. अर्धा दोन पावसाळे बघितलेला, अर्धा या सालचा. तिकडं आमी मोक्सी भात लय आवडीनं खातो. डाळ, मटण, सुकी मासळी, समदं एका भांड्यात. पण खाणाऱ्याला सांगतो, बाबा हे मोक्सी हाय."

मी मिसळत होतो. त्या काळी सगळेच मिसळत. पण असं गिऱ्हाइकांसमोर कुणी म्हटलं नव्हतं. मी दोन दिवस धुमसलो आणि तिसऱ्या दिवशी त्यांना पारखी म्हणून वखारीत कामाला ठेवलं. असा माणूस दुसऱ्याच्या वखारीत बसला तर माझं काय झालं असतं, हा विचार मी केला होता. पोत्यावर 'मोक्सी' असं खडूनं लिहून तो तांदूळ त्यांनी थोडा स्वस्त विकायला लावला. मला वाटलं बुडालो. तो आधी संपायला लागला. बायका येऊन मोक्सीच मागत.

दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की काका त्या मुलखाच्या गोष्टी सांगत. माझे शेजारी हसनमियां, सुक्या मासळीचे व्यापारी, मुद्दाम त्यासाठी येऊन बसत. काका बोटांवर माणसं मोजत. ऊस तोडायला नेलेले आपल्याकडचे लोक. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकेच्या लोकांची नातवंडं-पतवंडं, शहरात राहणारी. त्यांच्यातलेच मळ्यांतून पळून जंगलात नद्यांच्या काठी गावं वसवून राहिलेले, ज्यांना साहेब कधी जिंकू शकला नाही. मूळचे नदीकाठचे रहिवासी. चिनी दुकानदार. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेले ज्यू. वर डच साहेब. आणि शेवटी जावा बेटावरून आणलेले लोक, जे काकांचे सासरचे. हे बोट ते हळूच मिटत. त्यांची बायको तुमीना जावाची होती. ती वारली, तेव्हा जानकी, त्यांची मुलगी, दहा वर्षांची होती.

"हे जावाचे लोक मुसलमान," काका सांगत, "पण नमाजाला तोंड करतात पश्चिमेला."

हसनमियां दचकले. "तिथून तर मक्का पूर्वेला पडेल ना?"

"पडतो. पण जावात पश्चिमेला पडायचा. आजे पश्चिमेकडं करायचे, म्हणून नातू बी पश्चिमेकडं करतात. मग कुणी शिकलेला बोलला, अरे उलटं झालं. तवा अर्धे वळले, अर्धे नाय वळले. एका घरात दोन भाऊ, पाठीला पाठ लावून."

हसनमियां दाढी कुरवाळत पुढं सरकले. मग म्हणाले, "अल्लाला दोन्ही बाजूंनी ऐकू येतं, काका. पण तुमच्या बीवी कुठं तोंड करायच्या?"

"ती? जिकडं भात करपतोय तिकडं."

एक दिवस मी त्यांना विचारलं, एवढा सगळा पसारा सोडून पनवेलला कशाला आलात? ते म्हणाले, त्यांचा बाप सखाराम पनवेलकडचा. तरुणपणी मुंबईच्या गोदीत काम शोधायला गेला. तिथं कुणीतरी सांगितलं, श्रीरामाच्या टापूवर, म्हणजे याच सरनाममध्ये, साखर चाळायचं काम आहे. त्यानं कलकत्ता गाठला आणि तिथल्या मजूरभरतीच्या डेपोतून जहाजात चढला. साखर चाळायची नव्हती, ऊस तोडायचा होता. तो परत आला नाही. मरताना मुलाला म्हणाला, पनवेलात जा, आपली माणसं भेटतील. हॉलंडवरून, दोन जहाजं बदलून, हा मुलगा मुलीला घेऊन पनवेलला उतरला आणि सखारामाचं घर शोधायला लागला. पनवेल तालुक्यात सखाराम किती? मी एकटाच चौघांना ओळखत होतो. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी घरातून निघून गेलेल्या सखारामाला ओळखणारा मात्र एकही भेटला नाही.

आता जानकीबद्दल लिहितो. लिहिताना मला आजही अवघडल्यासारखं होतं, कारण ती आत स्वयंपाकघरात आहे आणि हे वाचणार आहे. ती बापाचा डबा घेऊन वखारीत यायची. बारीक डोळे, सरळ केस, कमी बोलणं. माझी आई एकदा वखारीत आली असताना तिला बघून मला म्हणाली, "ही जागी हाय का झोपलीय ते कळतच नाय रे." जानकीनं ऐकलं. म्हणाली, "जागी आहे, आई. तुमच्या मुलानं वरच्या पोत्यात खडे ठेवलेत तेही दिसतंय." आईनं पदर सावरला आणि वाट धरली. घरी येऊन म्हणाली, "पोरगी बरी हाय."

मला ती हवी होती. हे मी इतकं साधं लिहितोय, कारण त्या वेळी ते तितकं साधं नव्हतं. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "आवाज कमी करशील तर." मग मी आईला सांगितलं. आईनं कपाळाला हात लावला नाही, रडली नाही. म्हणाली, "आई जावाची का कुठली ती आसंल. बाई जिथं जाते तिथली होते. बापाची जात इचारून ये. कुठली बी सांगू दे, पण सांगू दे. मला भावकीत काय तरी सांगाया पायजे." जात कळल्याशिवाय ती लग्नाला उभी राहणार नव्हती, आणि आईशिवाय बोहल्यावर चढायची माझी छाती नव्हती.

मी त्याच संध्याकाळी काकांच्या खोलीवर गेलो. ते दारात बसून टोपली विणत होते.

"जानकी मला द्या," मी म्हटलं.

"तिला इचारलंस?"

"विचारलं. तयार आहे."

"मंग माझं काय काम हाय?"

"तुमची जात सांगा."

काकांनी टोपली बाजूला ठेवली. आत गेले आणि घडी घातलेला एक जुना कागद घेऊन आले. तो त्यांनी मांडीवर ठेवला, वर तळहात ठेवला. "हा माझ्या बापाचा कागद. डेपोत केलेला. नाव, वय, उंची, गाव, जात, समदं लिवलंय."

"बघू."

"बघ. पण कागद बघितलास तर पोरगी नाय. पोरगी पायजे तर कागद नाय. दोनातलं एक घे."

मी आयुष्यात इतका भाव कधी केला नसेल. म्हटलं, गाव तेवढं दाखवा, जातीवर बोट ठेवा. ते गप्प. म्हटलं, मी नाही बघत, हसनमियां बघतील आणि माझ्या कानात सांगतील. गप्प. लग्न आधी, कागद नंतर. गप्प. लग्नानंतर दहा वर्षांनी, दोन मुलं झाल्यावर. या वेळी त्यांनी मान हलवली असं मला वाटलं, पण ते माशी हाकलत होते. माझं डोकं फिरलं. समोरचा पाण्याचा तांब्या मी लाथेनं उडवला आणि चालता झालो.

आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. ते रोज वेळेवर वखारीत येत, तांदूळ चावून बघत, पोत्यावर खडूनं लिहीत. माझ्या डोक्यात फक्त तो कागद. काय असेल त्यावर? अमुक असेल तर भावकी काय म्हणेल, तमुक असेल तर आई काय म्हणेल? आणि काहीच वाईट नसेल, तर हा म्हातारा लपवतोय कशाला? नवव्या दिवशी जानकी डबा घेऊन आली, बापाच्या हातात दिला, आणि माझ्या गादीसमोर उभी राहिली.

"बाबांनी भाव सांगितलाय," ती म्हणाली. "तुला परवडत नसेल तर तसं सांग. गिऱ्हाइकाला असं ताटकळत ठेवू नये."

"परवडतं," मी म्हटलं.

पलीकडे काका डब्याचं झाकण उघडत होते. त्यांनी वर बघितलं नाही. मी तिथूनच ओरडून सांगितलं, कागद नको. जानकी म्हणाली, "आवाज." मी तेच पुन्हा हळू आवाजात सांगितलं. सांगितल्या भावाला मी हो म्हटल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

राहिली आई. तिला मी म्हटलं, जात कळली नाही आणि कळणारही नाही. तिनं पेटी उघडून लुगडी उलथीपालथी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवणीतलं लुगडं नेसली आणि एकटीच काकांच्या खोलीवर गेली. तासाभरानं परत आली, पाय धुतले, आणि म्हणाली, "तारीख काढ."

"काय बोलले?"

"कागद दावला."

"तुला दाखवला?"

"पुरा दावला. वर एक शिक्का, खाली एक शिक्का. निळी शाई हाय."

"आई, तुला वाचता कुठं येतं?"

"वाचाया कशाला पायजे? मी बघाया मागितला, त्यानी दावला."

भावकीत तिनं ठणकावून सांगितलं, मी सोता कागद बघितलाय, सरकारी हाय. कुणाची बिशाद नव्हती पुढं विचारायची. ज्याला वाचता येत होतं त्याला कागद दाखवला नाही, आणि जिला दाखवला तिला अक्षर येत नव्हतं. माझा राग आहे तो हाच. पहिल्याच दिवशी आईला बोलावून त्यांना हे करता आलं असतं. तांब्या उडाला नसता, आणि आठ दिवस मी बिनझोपेचा राहिलो नसतो.

लग्न तळ्याकाठच्या देवळात झालं. हसनमियांनी सुक्या बोंबलांची पाटी आहेर म्हणून पाठवली आणि देवळाच्या दारात ती आत घ्यावी की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी काकांनी ती स्वतः घरी नेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या अंगणात मोठ्या पातेल्यात मोक्सी भात केला, आणि माझ्या भावकीतल्या ज्या लोकांनी लग्नाला येऊ की नको म्हणून विचार केला होता, ते तो भात तीनदा घेऊन खाताना मी डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर दहा-अकरा वर्षं ते आमच्या शेजारीच राहिले. नातवंडं झाली. त्यांना ते चार भाषांत दटावत. आणि मग एक दिवस म्हणाले, "पनवेल बघून झालं. आता तुमीनाकडं जातो." तिच्या कबरीशेजारी जागा मागायची होती. जानकी खूप रडली, पण तिनं अडवलं नाही. तिकीट मी काढून दिलं. भाव केला नाही.

मुंबईच्या धक्क्यावर सामान आत गेल्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, आता तरी सांगा. कागदावर काय आहे?"

ते एका खांबाला टेकले. "डेपोत बापाच्या पुढं एक गडी व्हता. साहेबानं त्याला जात इचारली. त्यानं काय ती सांगितली. साहेब खूश झाला, त्याला घेतला. बापाला वाटलं, ही चालते इथं. त्यानं बी तीच सांगितली."

"म्हणजे कागद खोटा?"

"शिक्का खरा हाय." त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "तुमीनाला घेऊन मी घरी गेलो, तवा बापानं तोच कागद काढला. आमी कोण, ती कोण, ते वाचून दावलं. दार लावून घेतलं. तीस वरसात आपलंच खोटं त्याला खरं वाटाया लागलं व्हतं. मरताना बोलला, पुढच्या गड्याची जात व्हती रे ती. तवर तुमीना गेली व्हती."

"हे मला त्या दिवशीच का नाही सांगितलंत?" माझा आवाज चढला होता. हमाल बघायला लागले.

"कागद खोटा हाय हे कळल्यावर कागद सोडाया काय लागतं?" काका म्हणाले. "मंग तू जानकीला फुकटात नेली आसतीस."

 एवढं बोलून ते जहाजाची शिडी चढायला लागले.

दीडएक वर्षानं जानकीच्या मावशीनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पत्र आलं. काका गेले होते. जावाच्या लोकांच्या दफनभूमीत तुमीनाच्या शेजारी त्यांना जागा मिळाली होती. पत्र जानकीनं वाचून दाखवलं, आणि आई उठून परसात गेली, डोक्यावरून पाणी घेतलं आणि पडवीत वेगळी चटई टाकून बसली. दुपारी ताटही तिथंच मागितलं.

आमच्यात व्याह्याचं सुतक कुणी पाळत नाही. सुतक भावकीचं असतं. जानकीनं मुलगी म्हणून तीन दिवस पाळले. चौथ्या दिवशीही आई चटईवरच होती. मी तिला समजवायला गेलो. म्हटलं, आई, आपल्याला लागत नाही ते.

"त्याचं पाळाया पनवेलात दुसरं कोण हाय?" ती म्हणाली. "तू पाळ नायतर नको पाळू."

मी पायात वहाणा सरकवल्या. समोरच्या घरातल्या जोशीबुवांना जाऊन सांगितलं, की उरलेले दिवस आमच्या देवांची पूजा तुम्ही करून जा. ते म्हणाले, का, तुम्ही घरी नाही का? मी म्हटलं, घरीच आहे, पण आम्हाला सुतक आहे.